सहीपुरती डायरेक्टर

"अगं, जिथे सही करायची तिथे पिवळ्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. नुसती सही कर, सेलिना. प्लीज."

सलिलने हे तिसऱ्यांदा सांगितलं. सेलिना शेताच्या कडेला उलट्या क्रेटवर बसून चौथं पान वाचत होती. ओळीखाली बोट ठेवून, ओठ हलवत, अगदी सावकाश. एकूण पानं बावीस. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची, त्यातली पाच मिनिटं तिने हात धुण्यात घालवलेली, का तर कंपनीच्या कागदांना चिखल लागायला नको. आता बोला!

पॅसिफिकमधल्या तिच्या एवढ्याशा बेटावर सलिलला मासळीचं कोल्ड स्टोरेज काढायचं होतं. कंपनीत एक डायरेक्टर तिथलाच हवा, त्याच्या सहीशिवाय जागेचा करार होत नाही, असा तिथला कायदा. सलिलने डोकं चालवलं. वजनदार माणूस घेतला तर उद्या डोक्यावर बसेल. म्हणून तो ज्या गेस्ट हाउसमध्ये उतरायचा तिथे स्वयंपाक करणाऱ्या सेलिनालाच त्याने डायरेक्टर केलं. सहीपुरती. आणि करार तयार होतोय तोवर ही बया हंगामी कामाचा व्हिसा काढून लेट्यूस कापायला थेट ऑस्ट्रेलियात, क्वीन्सलंडमध्ये! टूवूंबाच्या त्याच्या घरापासून घाट उतरला की पाऊण तासावर. एवढ्या जवळ असून तिला शोधायला अकरा दिवस गेले.

धक्क्यालगतच्या त्या जागेचा करार पोचवायचा आज शेवटचा दिवस. नाही पोचला तर जागा दुसऱ्याला. तिकडची कचेरी चारला बंद, म्हणजे इथले दोन. सह्या झालेल्या पानांचे फोटो फोनवरून तिकडच्या वकिलाला पाठवायचे होते, आणि सव्वा वाजला होता. आणि सलिलची पंधरा वर्षांची शिल्लक बर्फाचं मशीन होऊन परवाच बोटीत चढली होती.

"लीना, तू तरी सांग तिला."

"वाचू दे की," त्याची बायको मराठीत म्हणाली. "तू पायाखालची माती उकरणं थांबव आधी."

"पान सहा," सेलिनाने मान वर केली. "इथे कुंपण आहे. नळ कुंपणाच्या आत जातो."

"कुठला नळ?"

"धक्क्यावरचा. बायका तिथे मासे धुतात. दुसरा नळ नाही."

"त्याचं नंतर बघू गं."

"नंतर म्हणजे मीटिंगमध्ये?"

"कसली मीटिंग?"

"डायरेक्टरांची. तुम्ही दिलेल्या कंपनीच्या नियमांच्या पुस्तकात आहे, वर्षातून चार वेळा. पुस्तकात होती त्या तारखेला मी दोनदा चर्चमधून येऊन तुमची वाट बघितली."

सलिलने कपाळावर हात मारला. तीन वर्षं त्या बेटाने त्याच्या नाकी नऊ आणले होते. सामान येणार म्हणावं तर वादळ, साहेब भेटणार म्हणावं तर साहेबांच्या गावात लग्न, आणि आता काय, तर नळ! पण अडला होता बिचारा. त्याने पेन काढलं, नकाशावर कुंपणाची रेघ खोडून नळाच्या अलीकडून नवी रेघ मारली आणि शेजारी स्वतःची सही केली.

"झालं समाधान?"

"हो," सेलिना मनापासून हसली. "आता चांगलं झालं." पुढची पानं ती जरा भराभर उलटू लागली. सलिलला पहिल्यांदाच हायसं वाटलं. लीनाने तिला पाण्याची बाटली दिली.

"फाइव्ह मिनिट्स, लेडीज!" लांबून सुपरवायझर ओरडला.

सेलिना शेवटच्या पानावर आली आणि थांबली. मग तिने मोठ्यांदा वाचलं, "मी माझ्या डायरेक्टरपदाचा राजीनामा देत आहे." तिने सलिलकडे बघितलं. "मी कधी दिला?"

"ती फक्त फॉरमॅलिटी आहे. फाइलमध्ये पडून राहतो तो कागद. तारीख कोरी असते ना."

"पुण्याच्या भावजींचा सल्ला, हवं तेव्हा तारीख घालून हिला काढता यावं म्हणून," लीना पुटपुटली. "तो कागद काढून टाक म्हणून काल तुला दोनदा सांगितलं मी."

"तुम्हीही असा कागद दिलाय?" सेलिनाने विचारलं.

सलिलने घड्याळ बघितलं. त्याला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून आणखीच चीड आली.

"सेलिना, तुमच्याकडे कुठलंच काम सरळ का होत नाही गं? वेळ नाहीये! कर ना सही!"

"बरं," ती म्हणाली. गुडघ्यावर फाइल नीट ठेवली आणि त्याच शेवटच्या पानावर, पिवळ्या चिठ्ठीशेजारी, शाळेतल्या मुलीसारखी गोल अक्षरात सही केली. मग लीनाकडे वळली. "आज तारीख काय?"

लीनाने एकदा सलिलकडे बघितलं आणि तारीख सांगितली.

"अगं, तारीख नको! तारीख नको घालू!"

"का?" सेलिनाने विचारलं.

 मग तिने तारीख घातली, शाई वाळू दिली आणि अख्खी फाइल त्याच्या हातात ठेवली. "आता मी डायरेक्टर नाही. बाकीच्या कागदांवर माझी सही चालायची नाही." हातमोजे चढवून, सुरी घेऊन ती आपल्या ओळीत जाऊन वाकली.

सलिलचा फोन वाजला. बेटावरचा वकील होता. मागे कुणाचं तरी हसणं ऐकू येत होतं. कचेरीच्या दारातच उभा आहे, म्हणाला, साहेबही आज चक्क जागेवर आहेत. बाईंची सही मिळाली ना?

"मिळाली," सलिल म्हणाला.