उत्साहात संपन्न

दीपप्रज्वलन अजून व्हायचे होते. समईतल्या वाती तशाच होत्या, प्रमुख पाहुण्यांची गाडी सावेडी ओलांडून निघाल्याचे नुकतेच कळले होते, आणि तेवढ्यात सभागृहातले सगळे मोबाईल एकदम वाजले. विद्यापीठाचे साप्ताहिक वार्तापत्र आले होते. पहिलीच बातमी होती, 'ऊसतोड महिलांशी संवाद कार्यक्रम उत्साहात संपन्न'.

कोणी हसले नाही. विद्यापीठाला याची सवय होती. शुक्रवारी दुपारी वार्तापत्र गेलेच पाहिजे, मग कार्यक्रम झालेला असो की नसो. बातमी आदल्या दिवशी लिहून ठेवायची, पाहुणे काय म्हणाले तेही लिहून टाकायचे. पाहुणेही बिचारे बहुतेक वेळा तेच म्हणत.

मागे दाराशी उभ्या असलेल्या प्रज्ञाने बातमी उघडली आणि तिच्या डोक्यात तिडीक गेली. वार्तापत्र तीच लिहायची. पाथर्डीहून आलेल्या ऊसतोड कामगार पुष्पावती यांनी दिवाळीच्या सुट्टीत मुलींचे वसतिगृह सुरू ठेवण्याची मागणी केली, असे तिने काल लिहिले होते. आता तिथे होते, 'पुष्पावती यांनी वसतिगृहातील सोयींबद्दल समाधान व्यक्त केले.' हा हात जनसंपर्क अधिकारी वाल्मिकरावांचा, हे वेगळे सांगायला नको.

पुष्पावती मंचावर, कडेच्या खुर्चीत, पदर आवरून बसली होती. तिची पंकजा इथे पहिल्या वर्षाला होती. सोमवारी वसतिगृहाला कुलूप लागणार होते आणि घराला ते आधीच लागले होते. नवरा, दीर, सासूसुद्धा तोडीला गेली होती. ही एकटी आजच्या कार्यक्रमासाठी मागे थांबली होती आणि टोळीची शेवटची गाडी संध्याकाळी निघणार होती. पंकजाला ती फडावर नेणार नव्हती. तिची पुतणी अशीच सुट्टीपुरती म्हणून फडावर गेली, आणि तरणी पोर खोपीत एकटी कशी ठेवायची म्हणून घरच्यांनी तिचे लग्न लावून टाकले. कॉलेज राहिले ते राहिलेच. हे सगळे कुलगुरूंसमोर सांगा, तुमचे ऐकतील, असे प्रज्ञानेच तिला फोनवर सांगितले होते.

पाहुणे आले. त्यांनी समई पेटवली, शाल घेतली आणि स्त्रीशक्तीवर बोलायला लागले ते थांबेचनात. मग कुलगुरू पाहुण्यांविषयी बोलले. पुष्पावतीने दोनदा माईककडे पाहिले. सूत्रसंचालकाने मात्र वेळेअभावी थेट आभार पुकारले.

प्रज्ञा मंचाच्या पायऱ्यांशी वाल्मिकरावांपुढे जाऊन उभी राहिली.

"सर, त्या बोललेल्या नाहीत अजून."

"बोलल्यात की. बातमी वाचा."

"सर, पाच मिनिटं द्या त्यांना. घरच्यांची गाडी सोडून थांबल्यात त्या."

वाल्मिकरावांनी तिला बाजूला घेतले. ते रागावले नव्हते, समजावत होते. "मॅडम, बातमी सगळीकडं गेलीय. आता ही बाई उठून भलतंच काही बोलली, तर बातमी खोटी पडेल. आपली बातमी आजवर कधी खोटी पडलेली नाही."

सभागृहात राष्ट्रगीत सुरू झाले आणि प्रज्ञालाही ताठ उभे राहावे लागले. ते संपेपर्यंत कुलगुरू पाहुण्यांना घेऊन जेवायला गेले होते. तिने वॉर्डनला फोन लावला. वॉर्डन म्हणाल्या, वरून लेखी आले तर सुट्टीत उघडे ठेवते. वरचे सगळे जेवायला बसले होते. पंकजाला स्वतःच्या घरी न्यावे, तर प्रज्ञाचे घर म्हणजे एक खोली, त्यात अंथरुणाला खिळलेले सासरे आणि दोन मुले. तरी तिने मनात जागा मोजून पाहिली. जागा नव्हतीच, आणि याचा तिला स्वतःवरच राग आला.

पुष्पावती बाहेर लिंबाखाली पंकजाजवळ उभी होती. पंकजाने आईला मोबाईलवरून बातमी वाचून दाखवायला घेतली होती. समाधानाचे वाक्य तिने भरभर वाचून टाकले, पण आईने ते पुन्हा वाचायला लावले.

"हे म्या म्हणले व्हय?" पुष्पावतीने विचारले.

"न्हाई," पंकजा म्हणाली. तिने मोबाईल बंद केला.

प्रज्ञा जवळ गेली. माफी मागायची म्हणून तिने तोंड उघडले, पण पुष्पावतीला माफी नको होती. तिला काही वेगळेच विचारायचे होते. ही बातमी कधी लिहिली, असे तिने विचारले. काल, प्रज्ञा म्हणाली. आम्ही यायच्या आधी? हो. साहेब काय बोलणार तेही कालच लिहिले होते? तेही.

पुष्पावतीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. तिने चौकशी पुरती केली होती आणि तिचे काहीतरी ठरले होते. तिला टोळीच्या गाडीपर्यंत पोचवणारा टेम्पोवाला फाटकाबाहेर हॉर्न वाजवत होता. तिने पंकजाची सुट्टीसाठी भरून ठेवलेली पिशवी उचलून प्रज्ञाच्या पायाशी ठेवली.

"मंग ताई, फुडल्या हप्त्याचं आजच लिवा. वसतिगृह उघडं हाय, पंकजा खोलीवर हाय, जेवली हाय, आसं लिवा. तेवढं लिवून मला वाचून दावा, म्हंजी मी गाडीत बसते."