चौथी सूचना

"क्लच दाबा, गिअर टाका, आरशात बघा, आता हळूच रेस द्या." माझी चौथी सूचना आत शिरली की पहिली वत्सलावहिनींच्या कानातून बाहेर पडायची, रस्त्यावर पडताना मी स्वतः पाहिलीय. गाडी आचका देऊन बंद.

"मास्तर, ह्यांना आठवड्यातून तीनदा डायलिसिसला न्यायचंय हो. रिक्षावाले येईनात. मला शिकायलाच हवं."

एकविसाव्या दिवशी ओरडून ओरडून माझा घसा बसला. "करा तुम्हाला हवं ते," एवढं पुटपुटून मी डोळे मिटले आणि थकव्यानं चक्क झोपलो.

जाग आली तेव्हा गाडी हॉस्पिटलच्या दारात उभी होती. मागच्या सीटवरून वहिनींचे यजमान हळूच म्हणाले, "मास्तर, तुम्ही गप्प असलात की हिला जमतं. परवाही असेच झोपा."