वाडीवरच्याला वकील

दुभाषा अजून आला नव्हता, म्हणून शहापूरचं कोर्ट अर्धा तास खोळंबलं होतं. जज्जसाहेब फायली चाळत होते. आरोपी मंगळूच्या दोन्ही अंगांना दोन पोलीस उभे होते. आणि फिर्यादी वाल्मिक मागच्या बाकावर टोपी मुठीत धरून बसला होता.

"चार आण्याची कोंबडी न् बारा आण्याचा मसाला," शेजारचा शाम कुजबुजला. शाम वाल्मिकच्या आळीतला. दर तारखेला हौसेनं यायचा. "कल्यानच्या जेलातनं गाडी, वर दोन पोलीस, सरकारच्या पैशानं वकीलबाई, न् आता ह्याची भाषा सांगायला निराळा मानूस. कोनासाठी? तर वाडीवरच्या मंगळूसाठी. चोरी तुमची झाली, दादा. तुमाला कोनी साधा चहा तरी पाजला का?"

"कायदा हाय तसा," वाल्मिक खाली बघत म्हणाला.

शामला तरी एकट्याला कशाला बोल लावा? सगळं गाव हेच बोलत होतं.

गोष्ट म्हणाल तर एवढीशी. गेल्या वर्षी पौषात घरची सगळी म्हसाच्या जत्रेला गेली. दोन दिवस गुरं सांभाळायला मंगळूला पडवीत ठेवलं. परत येऊन बघतात तर वाल्मिकच्या आईची, धोंडूबाईची, सोन्याच्या पुतळ्यांची माळ पेटीत नाही. म्हातारी देवाची शपथ घेऊन म्हणाली, पेटीतच होती. वाल्मिकनं ठाण्यात मंगळूचं नाव दिलं. हवालदारानं मंगळूला विचारलं, "तूच ना रे?" मंगळू म्हणाला, "हो." मोठ्या माणसानं विचारलं की हो म्हणायचं, एवढंच आदिवासींच्या वाडीला पिढ्यान्‌पिढ्या शिकवलेलं. जामीन द्यायला वाडीत कुणाच्या नावावर सातबारा आहे? सोळा महिने झाले, मंगळू आतच. आता गुन्हा शाबीत झाला की पुढची आणखी काही वर्षं गेलीच म्हणायची.

मध्ये दसऱ्याच्या आसपास वाल्मिक एकटाच ठाण्यात जाऊन आला होता. केस मागं घेता येईल का, म्हणून विचारत होता.

"का? खोटी होती का?" हवालदार म्हणाला. "खोटी असली तर तुमच्यावरच उलटंल, बघा."

"नाय नाय," म्हणत वाल्मिक समोरचा चहा तसाच टाकून आला. गावाला कळलं तेव्हा गाव म्हणालं, देवमाणूस आहे वाल्मिक, काळजाचा मऊ.

शेवटी दुभाषा आला. वाल्मिक पिंजऱ्यात उभा राहिला. मंगळूच्या वकीलबाई, रंजिता मॅडम, उठल्या. तिशीच्या असतील. आवाज अगदी शांत.

"मंगळूला माळ घेताना तुम्ही पाहिलंत?"

"नाय."

दुभाष्यानं ते मंगळूला त्याच्या बोलीत सांगितलं. तोवर वाल्मिकला थांबावं लागलं.

"त्याच्याकडे माळ सापडली?"

"त्याच्याकडं? नाय."

पुन्हा दुभाषा बोलला. पुन्हा वाल्मिक थांबला. आपलंच बोलणं दोनदोनदा ऐकायचं, ही शिक्षाच होती.

"मग त्याचंच नाव का दिलंत?"

शाम मागून डोळे वटारत होता. "वाडीवरचा होता म्हनून," वाल्मिक म्हणाला. "गावातला कोन असता तर नसतं दिलं."

जज्जसाहेबांनी मान वर केली. दुभाषा जरा अडखळला, मग त्यानं तेही सांगून टाकलं. मंगळूनं ऐकलं आणि नेहमीसारखी होकाराची मान हलवली. राग नाही, काही नाही. वाल्मिकला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आठ दिवसांनी निकाल लागला. मंगळू निर्दोष सुटला.

"झालं? एवढा खर्च करून शेवटी सोडलाच," शाम कोर्टाच्या पायऱ्यांवर फणफणला आणि जीप धरायला निघून गेला.

रंजिता मॅडम मुद्दाम थांबल्या. "भरल्या कोर्टात स्वतःविरुद्ध बोलणारा फिर्यादी मी पहिल्यांदा पाहिला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात जोडले. वाल्मिकनं उलट हात जोडले नाहीत. त्याला ते सुचलंच नाही.

मंगळूची बायको बारकी पायऱ्यांच्या खाली उभी होती. सोळा महिने एकटीनं मोळ्या विकून पोरं जगवलेली बाई. हातात पळसाच्या पानांचा द्रोण, त्यात करवंदं. "दादा, तुमी खरं बोललात म्हनून माझा मानूस घरी येतोय," म्हणत ती वाकली. वाल्मिक चटका बसल्यासारखा मागं सरला, पण तिनं पाय धरलेच.

मंगळू मागून आला. अंगानं अर्धा झाला होता. येत होतं तेवढ्या मराठीत म्हणाला, "गुरं बरी हायेत ना, दादा?"

द्रोण घेऊन वाल्मिक शेणवे गावाकडं जाणाऱ्या जीपमध्ये बसला. आजूबाजूची माणसं आपल्या तोंडाकडेच बघतायत असं त्याला सारखं वाटत होतं. वाटेत एकही करवंद त्यानं तोंडात टाकलं नाही.

घरी बायको, गिरजा, दारातच उभी होती.

"सुटला?"

"सुटला."

"तुमच्यावर काय नाय ना आलं?"

"नाय. हात जोडले मला. पाय धरले."

गिरजानं त्याला आत घेतलं आणि दार लोटलं.

"मंग आता भाताच्या कनगीतनं काढू का ती?" तिनं हळूच विचारलं. "भादव्यात तळाशी सापडली तवापासनं मी हात नाय लावला हो. जत्रंला जाताना कुठं लपवली ते आई इसरल्या, यात आपला काय दोष? रविवारच्या हळदीला गळ्यात घालीन म्हनते."