हलकाच हवा

जुनं इंजिन साखळीला लटकत होतं आणि नवरा वाकून गिअरबॉक्सच्या तोंडात डोकावत होता. तिनं चहाचा कप मडगार्डवर ठेवला.

"कान कसा आहे?"

"काय?"

"कान."

"भणभणतोय." त्यानं कापसाचा बोळा आणखी आत सारला. "इंजिनाच्या आवाजानं असेल."

नवं इंजिन अजून एकदाही सुरू झालं नव्हतं. पण तिनं वाद घातला नाही. या माणसाशी वाद घालायचं त्राण तिच्यात उरलंच नव्हतं.

ट्रॅक्टर सासऱ्यांच्या वेळचा, बुटका, दोन सिलिंडरचा. त्याच्या पोटात आता मोडीत निघालेल्या लॉरीचं चार सिलिंडरचं धूड बसायचं होतं. कशासाठी, तर ओढीच्या स्पर्धेसाठी. दगडांनी भरलेली बिनचाकी गाडी जो सगळ्यात लांब फरफटत नेईल, तो जिंकला. जन्मात कधी पत्त्यांना हात न लावलेला हा माणूस, आणि मुलगा गेल्यावर याच्या डोक्यात हे खूळ शिरलं.

मुलगा गेला तो दगडखाणीत. खाण केव्हाच बंद पडलेली, पाण्यानं भरलेली. काठावरून त्याचा टेम्पो आत घसरला तो वर आलाच नाही. क्रेन आली होती. क्रेनवाल्यानं काठावर पाय आपटून पाहिला आणि म्हणाला, ठिसूळ आहे, मीही आत जाईन. सरकारी साहेबांनी हात झटकले. पोटच्या पोराचं शेवटचं तोंडही तिला पाहायला मिळालं नाही.

ती अधूनमधून खाणीच्या कुंपणापाशी जाऊन उभी राहायची. राखणदार कुणाला आत सोडत नसे, पण तिला ओरडतही नसे. "वहिनी, ऊन चढलंय, घरी जा," एवढंच म्हणायचा. नवरा एकदाही तिच्यासोबत आला नाही. हा सल तिच्या मनातून जात नव्हता.

लेथवाला मित्र इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधली जाड लोखंडी पट्टी घेऊन आला. ट्रॅक्टरभोवती फेरी मारून तो हसला.

"एवढी हौस आहे तर मोठा ट्रॅक्टर घे की. उंदराला हत्तीचं काळीज कशाला?"

"हलकाच हवा."

"हां, हलक्यांचा गट वेगळा असतो म्हणा. पक्का डोकेबाज आहेस. वहिनी, यंदा ढाल तुमच्या घरी!"

वहिनी उठून आत गेल्या.

इंजिन बसलं. पुढच्या बाजूला वजनं लागली, म्हणजे ओढताना ट्रॅक्टर मागच्या पायांवर उभा राहायला नको. मागचा हूक खाली उतरला. ते चार सिलिंडर पहिल्यांदा बोलले तेव्हा स्वयंपाकघरातली भांडी थरथरली. ती बाहेर आली तर नवरा हसत होता. कितीतरी महिन्यांनी. तिला त्या हसण्याचा संताप आला.

"पोरगं पाण्यात आहे," ती म्हणाली, "आणि तुम्हाला खेळ सुचतोय."

त्यानं इंजिन बंद केलं. चिंधीनं हात पुसत राहिला.

"पहिला गिअर अजून हळू हवा," तो म्हणाला. "झटका बसता कामा नये."

स्पर्धेच्या दिवशी सकाळी तो दारात उभा राहिला. "त्याचा निळा शर्ट काढ. इस्त्री कर जरा."

"तुम्हाला होणार नाही तो."

"माहितीये."

म्हणजे झेंडा करून मिरवणार, तिला वाटलं. लोक हळहळणार, टाळ्या वाजवणार. तरी तिनं इस्त्री केली, कारण शर्ट मुलाचा होता. बाह्या, कॉलर, खिसा. घडी त्याच्या हातात देताना ती म्हणाली, "आज गेलात तर मी बहिणीकडे निघून जाईन. परत यायची नाही."

तो काही क्षण तिच्याकडे पाहत राहिला. "संध्याकाळपर्यंत थांब," म्हणाला आणि सीटवर चढला. सीटच्या मागे तारदोराचं जाड भेंडोळं होतं.

दुपारी ती बॅग भरत असताना राखणदार सायकलवरून धापा टाकत आला.

"वहिनी, दादा कुठाय? मैदानावर नाव पुकारून पुकारून माइकवाला दमला. मी खाण सोडून गेलो की त्याची ओढ बघायला."

"मैदानावरच गेलेत."

"नाही ना आला."

दोघं रस्त्याला आली. ट्रॅक्टरच्या रुंद चाकांचे ठसे फाट्यापर्यंत सरळ होते. तिथून मैदान डावीकडे. ठसे उजवीकडे वळले होते.

उजवीकडे खाणीशिवाय दुसरं काहीच नव्हतं.

ती धावत सुटली. मुलाचा शर्ट घेऊन गेला हा माणूस. आणि आपण त्याला काय म्हणालो? खेळ म्हणालो. निघून जाईन म्हणालो. कसा निमूटपणे बघत होता. देवा, मी तसं म्हटलं नव्हतं. तसं मला म्हणायचंच नव्हतं.

कुंपणाची तार कापलेली होती. ठसे थेट काठाकडे गेले होते, त्या ठिसूळ काठाकडे. राखणदार मागून ओरडत होता, "वहिनी, पुढे जाऊ नका!" पण ती थांबली नाही.

मग तिला इंजिनाचा आवाज ऐकू आला. हळू, अगदी हळू.

बुटका ट्रॅक्टर काठाकडे पाठ करून उभा होता. त्याच्या हुकातून निघालेला तारदोर ताठ होता. नवरा डोक्यापासून पायापर्यंत ओला, चिखलानं माखलेला, मडगार्डला टेकून उभा होता. कानातला बोळा गळून पडला होता; तो कान इंजिनानं नव्हे, या पाण्यात बुड्या मारून भणभणत होता. तारदोराच्या दुसऱ्या टोकाला, पाण्याच्या वर, कोरड्या जमिनीवर मुलाचा टेम्पो होता, आणि त्याच्या प्रत्येक फटीतून पाणी वाहत होतं.

"आणलाय त्याला," नवरा म्हणाला. "ये. फक्त काचेवरचा शर्ट काढू नकोस."