पुसलेली खुर्ची

साखर कारखान्याचं गाळप सुरू झालं, की कुंडलच्या घराघरांत अंगणभर काजळी उतरते. क्रांतीला मग रोज सकाळी अंगणातल्या लोखंडी खुर्च्या पुसाव्या लागतात. तिच्या नवऱ्यानं, वीरधवलनं, सुट्टीवर आल्यावर त्या स्वतः वेल्डिंग करून हिरव्या ऑइलपेंटनं रंगवल्या होत्या. दिवाळीनंतर तो पलटणीतनं आला तो तिरंग्यात. क्रांती तेव्हाही रडली नाही. खुर्च्या तेवढ्या पुसत राहिली.

बारावं उरकल्यावर तिच्या लक्षात आलं, की त्याच्या खुर्चीची बैठक आणि पाठ रोज लख्ख असते. काजळी असते ती फक्त पायांवर.

"आत्या, ह्यांच्या खुर्चीवर काजळी पडत न्हाई," ती सासूला म्हणाली.

रंगूबाई शेंगा फोडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माणूस बसल्यावर कशी पडंल? तेवढी पुसू नगंस."

"बरं," क्रांती म्हणाली.

तिनं आपली खुर्ची ओल्या फडक्यानं पुसली, कोरडी केली आणि त्याच्या खुर्चीशेजारी बसली. वरनं काजळी भुरभुरत होती. ऊन उंबऱ्याला लागलं, तशी ती उठली आणि मागं वळली.

त्याची खुर्ची हिरवीगार होती.

तिच्या खुर्चीवर, बैठकीवर, पाठीवर, सगळीकडं सारखी काळी साय धरली होती.

रंगूबाई दारात आल्या. त्यांनी सरळ तिच्याकडं बघितलं आणि हाक मारली,

"क्रांते, कुठं गेलीस गं?"