किलोचा भाव

लेथवर नुकतंच कातलेलं नायलॉनचं सुपारीएवढं चाक रंगरावांनी वजनकाट्यावर ठेवलं, पण आकडा शून्यावरून हललाच नाही. तीस वर्षं लेथवरच्या प्रत्येक कामाचा भाव त्यांनी किलोवर लावला होता. आता सांगायचं काय?

“असलं चाक बाहेरून तीन हजारांना पडतं, काका,” कॉलेजच्या रोबोट टीमची मुलगी म्हणाली. “तुम्ही योग्य तेच सांगा.”

रंगराव पुरते गोंधळले. “दुसरं तूच काढ लेथवर. मग भावही तूच सांग.”

चार चाकं वाया घालवून, बोट कापून घेऊन तिने संध्याकाळी पाचवं काढलं.

“बाराशे,” ती म्हणाली. “एक रुपया कमी केलात, तर मी चाक नेणार नाही.”

रंगरावांनी नकळत आपला पंजा काट्यावर ठेवला. आकडा नुसता थरथरत राहिला, कुठेच थांबेना.