रबराचं कडं

इंजिन डरकाळ्या फोडत होतं, गिअर पडला होता, आणि साइडकारवाली ती जुनी रशियन मोटारसायकल जागची हलत नव्हती. युनिएरने हँडलवर मूठ आपटली. मासेमारीला जातोय असं दाखवून मायामीला पळून जाणाऱ्यांची बोट आज भरदिवसा निघणार होती, आणि ती कुणासाठी थांबणार नव्हती.

"चार दिवस हिच्यापुढे मांडी घालून बसला होतास ना?" तो सावत्र बापावर खेकसला. "हे दिवे लावायला?"

एलिएसेरने गाडी स्टँडवर चढवली. "रेस दे."

गिअरबॉक्सवर चालणारा स्पीडचा काटा वीसवर गेला, चाक ढिम्म. म्हणजे गिअरबॉक्स ठीक होता. मग इंजिन बंद करून त्याने मागचं चाक हाताने फिरवलं. चाकाबरोबर शाफ्टही गरगरला. म्हणजे मागचंही ठीक. राहिलं मधलं रबराचं कडं, गिअरबॉक्स आणि शाफ्टला जोडणारं. ट्रकच्या टायरमधून त्यानेच ते कोरून काढलं होतं, आणि हे गेलं की गाडी मेली, असं परवा जेवताना बायकोला कौतुकाने सांगितलंही होतं.

त्याने झाकण सरकवलं. आत कडं नव्हतं. पिनेला फक्त एक तुकडा चिकटला होता.

"फाटलं?"

"कापलंय."

युनिएर थिजला. घरात माणसं तिघंच. आई मिगदालिया स्वयंपाकघरात केळी चिरत होती, आणि तिला क्लच कुठला नि ब्रेक कुठला हेही कळत नव्हतं. युनिएरचा थोरला भाऊ असाच पळून जायला याच समुद्रात उतरला, त्याला दोन वर्षं झाली. त्याची काही खबर नव्हती. तेव्हापासून ती फार बोलतच नसे.

"तूच!" युनिएर किंचाळला. "माझ्या बापाची खुर्ची घेतलीस, खाट घेतलीस. आता माझी वाटही अडवतोस?"

आत केळी चिरण्याचा आवाज थांबला होता. एलिएसेरने तिकडे एकदा पाहिलं.

"हो," तो म्हणाला. "मीच कापलं."

ठोसा थेट तोंडावर बसला. काल रात्री याच पोराने गळ्यात पडून त्याला पहिल्यांदा बाबा म्हटलं होतं.

"हरामखोर! मरेपर्यंत तुझं तोंड बघणार नाही." युनिएर पायीच किनाऱ्याकडे निघाला. पायी बोट गाठणं शक्य नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं.

एलिएसेर ओठाचं रक्त पुसत आत आला. मिगदालिया पाठमोरी उभी होती, खांदे हलत होते. त्याने घमेल्यातल्या पाण्यातून मोठी सुरी उचलली, पात्यावरचं काळं राखेने घासलं आणि नाकाशी धरली.

"ही टाकून दे," तो म्हणाला. "केळ्यांना रबराचा वास लागेल. संध्याकाळी जेवायला आला की त्याला कळेल."